ईशान्य कोपऱ्यातील दगड

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे. माझ्या झोपडीचा ईशान्य कोपरा आत आला आणि त्यामागोमाग एका म्हशीचे डोके आत आले.

मी चुलीपुढे बसलो होतो. चहाचे आधण उकळत होते. कुडाच्या काटक्या कडाकडा मोडल्या, लिंपणाचा एक तुकडा नेमका पातेल्यात पडला, आणि वर पाहतो तो शिंगे. म्हशीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. मला आश्चर्य वाटले होते. तिला मुळीच वाटलेले दिसले नाही. एखादा अधिकारी तपासणीला आल्यावर जसा कोठीभर नजर फिरवतो, तशी तिने नजर फिरवली, एक दीर्घ श्वास सोडला आणि चूल विझवली.

मग ती मागे सरली. जाताना तिच्या उजव्या शिंगात माझी नियमावली अडकून गेली.

येथे थांबून काही गोष्टी सांगणे भाग आहे.

मी सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक होतो. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्या हद्दी त्यांना दाखवून देणारा मनुष्य. सेवा संपली, पुढे पत्नी गेली, आणि मुलीने मला आपल्याकडे माण गावी नेले. ती तेथील एका संगणक कंपनीत नोकरी करते. तिचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. घर उत्तम आहे. तक्रारीस जागा नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी मी लिफ्टमधून एक मजला आधी उतरलो. दार उघडे होते. आत गेलो, चपला काढल्या, सोफ्यावर बसलो आणि समोरचे वर्तमानपत्र उचलले. काही वेळाने आतून माझ्याच वयाचे एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "चहा घेणार ना?" मी म्हणालो, "घेऊ." मला वाटले, मुलीकडे कोणी पाहुणे आले आहेत. त्यांना वाटले, त्यांच्या मुलाकडे कोणी आले आहे. सोफा तोच. पडदे तेच. भिंतीवरचे घड्याळसुद्धा तेच, आणि तेही पाच मिनिटे पुढे. आम्ही दोघांनी चहा घेतला, पावसावर चार वाक्ये बोललो, आणि कप खाली ठेवेपर्यंत दोघांपैकी कोणालाही काही खटकले नाही. शेवटी त्यांच्या सूनबाई आल्या आणि मी चुकीच्या घरात आहे हे उघडकीस आले.

मी जिना चढून वर आलो. ज्या घराच्या जागी दुसरे घर ठेवले तरी कळत नाही, तेथे आपल्या जागी दुसरा म्हातारा ठेवला तरी कळणार नाही, असे मला वाटले. त्याच संध्याकाळी मी मुलीला सांगितले की मी घोटावड्याच्या रानात राहायला जाणार.

घोटावड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, माझी अकरा गुंठे जमीन आहे. नोकरीत असताना घेतलेली. त्यावर मी एका उन्हाळ्यात कारवीच्या कुडाची एक झोपडी उभी केली. उत्तर-दक्षिण पंधरा फूट, पूर्व-पश्चिम दहा. दार दक्षिणेला. वर जुनी कौले. आढे चढवण्यापुरता एक सुतार बोलावला. बाकी सर्व माझ्या हातचे.

माझे मत तेव्हा ठाम होते. मनुष्याने आपल्या अंतःकरणाला जे पटते तेवढेच करावे. शेजाऱ्याने भिंतीला फिकट पिवळा रंग दिला म्हणून आपण देऊ नये. आणि आपल्याला काय पटते हे ऐकू यावे यासाठी माणसांपासून दूर आणि झाडांच्या जवळ राहावे, कारण झाडे सल्ला देत नाहीत. हे मत आजही बहुतांशी तसेच आहे. झाडांविषयी पूर्णपणे.

राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी मी माझ्या स्वतंत्र जीवनाची नियमावली तयार केली आणि ईशान्य कोपऱ्यात लावली. अकरा कलमे होती. कलम चार: कोणाचेही अनुकरण करू नये. कलम सात: कोणाकडेही काहीही मागू नये. कलम नऊ: रोज सूर्योदयाच्या वेळी अर्धा तास निसर्गाचे निरीक्षण करावे; निरीक्षणाच्या वेळी भावनेच्या आहारी जाऊ नये. मी ती काटेकोरपणे पाळली. दयाळ पक्षी कलम नऊच्या वेळेत गायला नाही तर मी त्याची अनुपस्थिती मांडत असे.

मुलीने एक महिन्याची मुदत दिली होती. ८ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर. मुदत संपेल त्या दिवशी दुपारी बारा वाजता ती येऊन पाहणार होती. अटी तीन. झोपडी धड उभी असली पाहिजे. जागेवरून कोणाशी काही भानगड नसावी. प्रकृतीत बिघाड नसावा. यांपैकी एक जरी अट मोडली, तर अंथरूण गाडीत आणि मी चौदाव्या मजल्यावर, कायमचा. मी मान्य केले. ती माझीच मुलगी आहे. तिने अटी तोंडी सांगितल्या नाहीत, लिहून आणल्या.

आणखी एका व्यक्तीची ओळख करून देणे राहिले. माझ्या उत्तरेचे शेत आक्काचे. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. सारे घोटावडे तिला आक्काच म्हणते. तिच्या मुलांनी रस्त्यालगत चाळ बांधली आहे आणि खोल्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. मुले तेथेच राहतात. आक्का मात्र रानातल्या गोठ्याशेजारी एका खोलीत राहते, कारण तिला तेथे राहायचे आहे. या विषयावर तिने एकही नियम लिहिलेला नाही.

झोपडीची पहिली मेढ मी रोवत होतो तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली होती.

"सायेब, त्यो दगूड—"

"आक्का," मी म्हणालो, "मला कोणाचाही सल्ला नको आहे."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

आता दगडाविषयी. जमीन मोजताना लगतच्या खातेदारांना आधी कळवायचे, ते बांधावर हजर झाल्यावर त्यांच्यादेखत फीत टाकायची, ही आमच्या कामाची पहिली शिस्त. चौतीस वर्षांत लगतचा मनुष्य समोर नसताना मी एकही खूण रोवली नाही. माझी स्वतःची जमीन मात्र मी एकट्याने मोजली. कोणाला विचारायचे नव्हते. उत्तरेला एक उभा दगड दिसला. कंबरेइतका, कडा झिजलेल्या, अंगाने अत्यंत गुळगुळीत. तो फार जुन्या मोजणीचा असला पाहिजे, असा निष्कर्ष मी त्या गुळगुळीतपणावरून काढला. नकाशाप्रमाणे तो बारा फूट अलीकडे असायला हवा होता. मी नकाशा घडी करून ठेवला आणि नकाशा चुकला असावा असे ठरवले. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हेही माझ्या मतात बसत होते. झोपडीचा ईशान्य कोपरा मी अचूक त्या दगडावर आणला. दगड कुडातच घेतला. मला त्या कोपऱ्याचा अभिमान होता.

असो. म्हैस नियमावली घेऊन निघाली.

मी बनियन आणि लुंगीवर होतो. अनवाणी होतो. वय एकाहत्तर. अशा स्थितीत शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या मनुष्याने काय करावे याचा विचार करण्यास अवधी नव्हता. मी तिच्या मागे पळालो.

आरंभी मी तिला हाका मारल्या. "थांब," असे म्हणालो. नंतर, "थांबा," असेही म्हणालो. ती थांबली नाही. कापलेल्या भाताच्या खाचरातून ती तिरकी गेली, मी तिरका गेलो. तिने बांध ओलांडला, मी ओलांडला. आणि बांधाच्या पलीकडे तो उतार सुरू झाला, ज्याकडे मी महिनाभर कलम नऊखाली रोज अर्धा तास पाहत आलो होतो आणि ज्यावर एकदाही पाऊल ठेवले नव्हते. गवत कंबरेपर्यंत पिवळे झाले होते. दव होते. सूर्य डोंगराच्या माथ्यावर नुकताच आला होता आणि गवताच्या प्रत्येक तुऱ्यावर एक एक ठिपका पेटला होता. मी थांबण्याचा निर्णय घेतला. पायांनी तो मानला नाही. उतार असा होता की एकदा पळू लागल्यावर पळणेच सुरक्षित होते. पुढे म्हैस, तिच्या शिंगावर माझी अकरा कलमे फडफडताहेत, मागे मी, लुंगी दोन्ही हातांनी धरलेली, गवत दोन्ही अंगांनी सपासप मागे जाते आहे, टोळ उडताहेत, एक तितर पायांतून भर्रकन उठला, आणि कोणीतरी मोठ्याने ओरडते आहे. काही वेळाने माझ्या ध्यानात आले की ओरडणारा मी आहे. शब्द नव्हते. मुले घसरगुंडीवरून येताना जो आवाज काढतात तो होता. तो आवाज मी शेवटचा केव्हा काढला होता, याची नोंद माझ्याकडे नाही.

उताराच्या तळाशी ओढा आहे आणि ओढ्याच्या वळणावर कमरेइतक्या पाण्याचा एक डोह. म्हैस शांतपणे डोहात उतरली. मी शांतपणे उतरलो नाही.

पाणी अतिशय थंड होते. मी बुडी मारून वर आलो तेव्हा म्हैस माझ्यापासून एका हातावर बसली होती आणि शिंगावरून सुटून पाण्यावर पडलेली नियमावली खात होती. कलम एकपासून. मी ते पाहत राहिलो. बाहेर यावे असे वाटले नाही. पाण्याच्या वर आमची दोन डोकी तेवढी होती. खाली माझा पाय कोठे संपतो आणि गाळ कोठे सुरू होतो, हे मला कळत नव्हते, आणि ते कळण्याची आवश्यकताही वाटत नव्हती. आयुष्यभर मी ज्याच्या त्याच्या हद्दी दाखवत आलो. त्या क्षणी कोणी माझीच विचारली असती, तर दाखवता आली नसती. उंबराच्या फांदीवर खंड्या बसला होता. कलम नऊच्या उत्तरार्धाचा मी भंग केला. त्या वेळी कलम नऊ म्हशीच्या तोंडात होते.

"व्हय सायेब," काठावरून आवाज आला, "आंगुळ चाललीया का म्हशीची राखन?"

आक्का होती. हातात विळा.

"तुमची म्हैस माझी भिंत पाडून आली आहे," मी पाण्यातून म्हणालो. मला बाणेदारपणे बोलायचे होते, पण दात वाजत होते.

"भिंत कशाला पाडंल ती? तिचा दगूड हुडकत आसंल."

"कोणता दगड?"

"त्योच. तुमी घराच्या कोपऱ्यात कोंबलाय त्यो. माझ्या सासऱ्यानं रवलाय, म्हशीनी आंग घासाया. हिच्या आयनं घासलंय, तिच्या आयनं घासलंय. म्हून तर आसा लोन्यावानी हाय."

मी पाण्यातूनच वर झोपडीकडे पाहिले.

"भात हुबं हुतं तवर दाव्याला हुती," आक्का पुढे म्हणाली. "चार दिस झालं मोकळी सोडतीया. रोज पाटंचं येती तुमच्याकडं."

चार दिवस पहाटे झोपडी हलत होती. मी वहीत लिहिले होते: "लाकूड आळत आहे."

"मग हद्दीचा दगड कुठे आहे?"

"त्यो करवंदीच्या जाळीत. लई अलीकडं, तुमच्या अंगाला. समद्या गावाला ठावं हाय."

"तुम्ही मला सांगितले का नाही?"

"सांगाया आल्ते की! तुमी म्हनला, सल्ला नगं. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. ह्या बाबाला म्हसच सांगंल."

तेव्हा मला हसू आले. त्याचे वर्णन करण्याचा मला सराव नाही. ते पोटातून आले, दोन-तीनदा थांबले असे वाटले आणि पुन्हा आले. मी हसतो आहे हे पाहून आक्का हसली आणि विळा खाली ठेवून काठावर बसली. म्हैस हसली नाही. तिचे अजून दोन कलमांचे खाणे बाकी होते.

वर आल्यावर मी प्रथम फीत काढली. कपडे बदलणे नंतर करता आले असते. आक्काला सोबत घेतले. या वेळी लगतचा खातेदार हजर होता. करवंदीची जाळी दोन-अडीच तास उपसली, ओरखडे घेतले, आणि दगड सापडला. माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली. नकाशा ज्या ठिकाणी म्हणत होता, त्याच ठिकाणी. मी फीत तेथून झोपडीपर्यंत ताणली. दुसरे टोक आक्काने धरले. पुन्हा ताणली. उत्तर तेच.

पंधरा फुटांच्या झोपडीपैकी उत्तरेचे बारा फूट आक्काच्या शेतात होते. माझी चूल तिच्या शेतात, माझी खाट तिच्या शेतात, माझी नियमावली तिच्या शेतात. माझ्या जमिनीत उरले होते दार आणि त्याच्या आतली तीन फुटांची पट्टी. महिनाभर मी स्वावलंबनाने राहिलो होतो आणि स्वतःच्या मालकीच्या जागेत फक्त चपला ठेवल्या होत्या.

मला पुन्हा हसू आले. फीत हातात तशीच होती. म्हैस डोहातून परतली होती आणि पडलेल्या कोपऱ्यात, आपल्या दगडाला मान लावून, डोळे मिटून घासत होती. प्रत्येक घासण्यासरशी सगळी झोपडी डुलत होती आणि कौले टाळ्या वाजवल्यासारखी वाजत होती. त्या वेळी मुलीची गाडी आली. साडेदहा वाजले होते. ती ठरलेल्या वेळेच्या आधी येते. ही सवय तिने माझ्याकडून घेतली आहे.

ती गाडीतून उतरली आणि उतरल्या जागीच उभी राहिली. तिला जे दिसले ते असे: अजून ओलसर, चिखलाने माखलेला बाप, हातावर ओरखडे, खांद्यावर शेवाळ, हातात फीत, आणि तो हसतो आहे.

ती धावत आली. माझे दोन्ही खांदे धरले.

"बाबा, माझ्याकडे बघा. मी कोण?"

"माझी मुलगी."

"दोन्ही हात वर करा."

मी केले.

"जीभ बाहेर काढा. सरळ. आज वार कोणता?"

"शनिवार. काही झालेले नाही. मी हसतो आहे."

"तेच म्हणतेय मी! तुम्ही हसताय!" ती म्हणाली आणि आक्काकडे वळली. "कधीपासून चाललंय हे?"

"सकाळधरनं," आक्का म्हणाली. "म्हशीनं केलंय."

मुलीने फोनमधील यादी काढली. तिचा आवाज स्थिर झाला. माझाही झाला. असे प्रसंग आम्हा दोघांना सोयीचे पडतात.

"झोपडी?"

"एक कोपरा पडला आहे. उरलेली हलते आहे, ते तुला दिसतेच."

"जागेची काही भानगड?"

"झोपडी दुसऱ्याच्या जमिनीत आहे. पाच हिश्शांतील चार हिस्से."

तिने मान वर केली. "मोजणी कोणी केली होती?"

"मी."

तिने यादीवर बोट सरकवले. "प्रकृती?"

"ओरखडे. गुडघ्याला मार. सर्दी होईल."

"म्हणजे तिन्ही अटी."

"तिन्ही."

मी आत गेलो. करार तो करार. गादीची वळकटी केली, दोरीने बांधली, दोन गाठी मारल्या आणि ती आणून गाडीच्या डिकीत ठेवली. हे सांगायला दोन वाक्ये लागली. करायला बराच वेळ लागला, कारण दोरी नीट दिसत नव्हती. डोळ्यांत डोहाचे पाणी गेले होते.

आक्का बांधावर बसून हे सारे पाहत होती. ती म्हणाली, "आवं पन, झोपडी सरकवाय काय लागतंय? कूडच हाय तो. येत्या शनवारी इर्जिक घाला. धा-बारा मानसं येतील, कौलं उतरवतील, मेढी उपटतील, तिकडं बारा फुटावं रवतील. दुपारच्याला जेवतील, जातील."

इर्जिक माझ्या मुलीला ठाऊक नव्हती. मी समजावून सांगितले. एकाच्या कामाला गावातील माणसे आपणहून येतात. मजुरी नाही. त्या दिवशीचे जेवण त्याने घालायचे, आणि पुढे त्यांच्यापैकी ज्याचे काम निघेल त्याच्याकडे आपण जायचे. कोण किती वेळा आला याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

"मी कोणाकडे काही मागत नाही," मी आक्काला म्हणालो. "कलम सात."

"सात म्हशीनं खाल्लं की."

मी फीत गुंडाळू लागलो.

"पन एक हाय," ती म्हणाली. "इर्जिकीचं सांगाया घरोघर जावं लागतंय. ज्येची इर्जिक त्येनंच. म्या जानार न्हाई तुमच्यासाटी. आन् पयलं माझ्या दारात यायचं. हितं बांधावं बोललेलं धरत न्हाईत."

एवढे बोलून ती उठली, विळा उचलला आणि सरळ आपल्या खोलीकडे चालू लागली. दाराशी पोचल्यावर ती आत गेली, आणि तिने दार लावून घेतले.

मी आणि मुलगी गाडीपाशी उभे राहिलो. डिकी उघडीच होती.

"बाबा, मघाशी का हसत होता?"

"सांगता येत नाही."

"पुन्हा हसाल?"

"हमी देता येत नाही."

ती वळकटीकडे पाहत होती. "तुम्ही कुणाला 'या' म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. माझ्या लग्नालासुद्धा पत्रिका पोस्टाने पाठवल्यात तुम्ही. शेजारच्या बिऱ्हाडालाही." तिने डिकीचे झाकण धरले. "तेवढं ऐकायचंय मला. मग ठरवू."

आक्काचे दार तेथून शंभर पावलांवर आहे. मी कोरडा सदरा घातला, भांग पाडला आणि निघालो. मी अनेक दारांत उभा राहिलो आहे, परंतु नेहमी हातात नकाशा घेऊन. त्या दिवशी हात मोकळे होते आणि त्यांचे काय करावे हे कळत नव्हते. मुलगी मागून येत होती. शंभर पावलांत मी तीन वाक्ये तयार केली आणि तिन्ही रद्द केली. तिन्हींच्या आरंभी "उपरोक्त विषयास अनुसरून" असे काहीतरी होते.

मी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून आक्काने विचारले. तिने मला खिडकीतून येताना पाहिले होते. मी तिला पाहताना पाहिले होते.

"मी. लगतचा खातेदार."

"काय काम काडलंय?"

पायाखाली शेणाने सारवलेले अंगण होते, अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि त्यांवर चिमण्यांचा एवढा गोंगाट चालला होता की मला मोठ्याने बोलावे लागले.

"आक्का, शनिवारी माझ्याकडे इर्जिक आहे. तुम्ही या. मला एकट्याला जमणार नाही."

मागे मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिले नाही.

दार उघडले. आक्काने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"बगू," ती म्हणाली. "येळ आसला तर यीन."

आणि मग ती इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली. मीही धरली. दुसरी बाजू.

परत आलो तेव्हा मुलगी आधीच पुढे गेली होती. तिने वळकटी स्वतः डिकीतून बाहेर काढली आणि ती खांद्यावर घेऊन झोपडीकडे चालली होती. म्हैस वाटेत होती. मुलीने तिला "एक्स्क्यूज मी" म्हटले. म्हैस सरली.

"मुदत पुढच्या शनिवारपर्यंत वाढवली आहे," ती आतून म्हणाली. "फोन चालू ठेवायचा. आणि मी येणार आहे इर्जिकीला. तुम्हाला चालेल ना, असं विचारत नाहीये."

"ये," मी म्हणालो. सकाळपासून हे दुसरे.

निघताना तिने गाडीची काच खाली केली. "तेराव्या मजल्यावरचे काका रोज लिफ्टमध्ये विचारतात तुमच्याबद्दल. त्यांनाही तुमच्यासारखी झोपडी बांधायची आहे. तुमच्या शेजारी जागा मिळेल का, म्हणत होते."

"त्यांना सांग, माझ्यासारखी बांधू नका. आणि जागेचे आक्काला विचारा. माझ्याजवळ तीनच फूट निघाले."

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली. दुपारी मी आक्काच्या खळ्यावर गेलो. तिने बोलावले नव्हते. भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आडव्या फळीवर आपटायची, म्हणजे दाणे झडतात. माझे दाणे तिन्ही दिशांना उडाले. आक्का म्हणाली, "सायेब, भात झोडायचाय, साप न्हाई मारायचा." चौथ्या पेंढीपासून बरे जमू लागले. मी किती पेंढ्या झोडल्या हे मोजले नाही. मोजायचे राहून गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

संध्याकाळी साडेपाचला झोपडीत आलो. ईशान्य कोपऱ्यातील उरलेल्या कारव्या सोडवल्या, लिंपण फोडले आणि दगड चारही बाजूंनी मोकळा केला. चूल तशीच ठेवली. आक्काची त्यास हरकत नव्हती. मग फीत लावून खाट दाराशी आडवी सरकवली. अडीच फूट रुंदीची ती खाट माझ्या तीन फुटांत बरोबर बसली. दार त्यामुळे उघडेना. आता दार म्हणून उरलेल्या त्या मोकळ्या कोपऱ्यातून मी बाहेर आलो, दारापुढच्या चपला उचलल्या आणि म्हशीच्या वाटेवर, दगडापासून एक हात सोडून, नीट जोडून ठेवल्या.